चटका कळत नाही, पण कातडी जळते
गाडीतल्या गरम होणाऱ्या आणि बटणावर सरकणाऱ्या सीटविषयी



आपल्या वस्तीतले कितीतरी भाऊ गाडीच्या सीटवर बसून घर चालवतात. कोणी साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, कोणी टॅक्सी चालवतो, कोणी शाळेची व्हॅन, कोणी रिक्षा. कोणी गॅरेजमध्ये कामाला आहे, कोणी सीट कव्हर शिवतो, तर कोणी पहाटे सोसायटीत जाऊन दहा-बारा गाड्या धुतो. ज्या सीटशी रोजचा इतका संबंध येतो, ती सीट अंगाला इजा करू शकते याबद्दल मात्र आपल्याकडे कोणी बोलत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे.

महागड्या गाड्यांमध्ये दोन प्रकारच्या सोयी असतात. पहिली, बटण दाबले की सीट गरम होते. थंड देशांतली ही सोय. अमेरिकेत १९६० च्या दशकात ती काही महागड्या गाड्यांत आली आणि आता तिकडच्या साध्या गाड्यांतही असते. आपल्याकडे ती थोड्या गाड्यांत आहे, पण मोठ्या साहेबांच्या गाडीवर असलेल्या ड्रायव्हरला तिची गाठ पडते. ज्यांची मुले-मुली अमेरिका, कॅनडा किंवा युरोपात नोकरीला आहेत, ते आई-वडील थंडीत तिकडे गेले की याच सीटवर बसतात. दुसरी सोय म्हणजे बटण दाबल्यावर मोटरने मागे-पुढे, वर-खाली होणारी सीट. ही आपल्याकडेही आता बऱ्याच गाड्यांत दिसते.

या दोन्हींत धोका कुठे आहे, कोणाला आहे आणि आपण काय करायचे, ते क्रमाने पाहू.

कातडी किती उष्णतेने भाजते?

भाजणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्टोव्ह, उकळते पाणी, तापलेला तवा येतो. पण कातडी भाजायला एवढी आग लागत नाही. उष्णता किती आणि ती किती वेळ लागून राहिली, या दोन्ही गोष्टी मिळून भाजणे ठरते.

१९४७ साली अमेरिकेतील मोरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी हे मोजून दाखवले. भाजलेल्या रुग्णांवर काम करणारे लोक आजही त्यांचे आकडे वापरतात. ६० अंश सेल्सियसला कातडी साधारण पाच सेकंदांत भाजते. ४९ अंशाला त्यासाठी नऊ-दहा मिनिटे लागतात. आणि ४४ अंशाला, म्हणजे आंघोळीच्या कढत पाण्यापेक्षा जरा जास्त उष्णतेला, साधारण सहा तास लागतात. हे आकडे निरोगी कातडीचे आहेत. म्हातारपणी कातडी पातळ होते, लहान मुलाची मुळातच पातळ असते. तिथे वेळ याहून कमी पुरतो.

आता गरम सीटचा विचार करा. सीटच्या कापडाखाली किंवा चामड्याखाली बारीक तारांची किंवा कार्बनच्या धाग्यांची चटई असते. बॅटरीची वीज त्यातून गेली की ती तापते. तापमान ठराविक ठिकाणी थांबावे म्हणून थर्मोस्टॅट असतो. थर्मोस्टॅट चांगला असेल तर सीट कोमट राहते. तो बिघडला, तार एका जागी तुटली किंवा दुमडली, तर ती जागा बाकीच्या सीटपेक्षा फार जास्त तापते. बटणावर एक, दोन, तीन असे दिवे असतात. पण 'तीन' म्हणजे किती अंश, हे त्या बटणावर लिहिलेले नसते.

यात आणखी एक गोष्ट आहे. आपल्या अंगाला उष्णता लागली की तिथले रक्त ती उष्णता वाहून नेते. पण माणूस बसतो तेव्हा सगळे वजन कुल्ल्यांवर आणि मांड्यांवर येते. दाबामुळे तिथल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात, रक्त कमी फिरते आणि उष्णता तिथेच साठत जाते. त्यामुळे उभ्या माणसाच्या पाठीला जे चालेल, ते बसलेल्या माणसाच्या कुल्ल्याला चालेलच असे नाही.

मग सगळेच का भाजत नाहीत?

कारण दुखते. बुडाखाली चटका लागू लागला की आपण नकळत सरकतो, उठतो, बटण बंद करतो. दुखणे हा शरीराचा पहारेकरी आहे. पण काही माणसांच्या अंगात हा पहारेकरी झोपलेला असतो. कातडी जळत असते आणि त्यांना कळत नाही. कपडे काढताना फोड दिसतो किंवा घरातले दुसरे कोणी सांगते, तेव्हा कळते.

हा धोका पुढील लोकांना आहे:

– पाठीच्या मणक्याला मार लागून कमरेखालचा भाग लुळा पडलेले. यांना सगळ्यांत जास्त धोका.
– बरीच वर्षे मधुमेह असलेले. साखरेमुळे नसा खराब होतात. बधिरपणा आधी पायांच्या बोटांत येतो आणि मग वर चढत जातो.
– कुष्ठरोगामुळे अंगावर बधिर चट्टे किंवा बधिर हात-पाय असलेले. औषधांनी रोग बरा झाला तरी गेलेली संवेदना अनेकदा परत येत नाही.
– अर्धांगवायू होऊन एक बाजू सुन्न झालेले.
– वर्षानुवर्षे दारू पिणारे, तसेच बी-१२ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असलेले.
– दारू प्यायलेला, झोपेची गोळी घेतलेला किंवा फार दमून गाढ झोपलेला माणूस.
– नुकतेच ऑपरेशन झालेले, कमरेत भुलीचे इंजेक्शन घेतलेले.
– तान्ही मुले आणि ज्यांना स्वतः बाजूला होता येत नाही असे सगळे.

यातला मधुमेह आपल्या घराघरांत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा देशभरातला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. ड्रायव्हरचे काम बसून, जेवणाच्या वेळा चुकलेल्या, चहा-वडापाववर दिवस काढलेला. त्यामुळे या धंद्यातल्या भावांनी साखर तपासलीच पाहिजे.

घरच्या घरी बधिरपणा तपासा

यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. मधुमेही माणसाला पाय उघडे ठेवून पलंगावर झोपवा आणि डोळे मिटायला सांगा. घरातल्या दुसऱ्या माणसाने आपल्या बोटाच्या टोकाने त्याच्या पायाच्या बोटांच्या शेंड्यांना अगदी हलका स्पर्श करायचा. एक-दोन सेकंदच. दाबायचे नाही, घासायचे नाही, टोचायचे तर नाहीच. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा जागा. स्पर्श कळला की त्याने 'उजवा' किंवा 'डावा' असे सांगायचे.

सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळले नाही, तर नसांना इजा झाली आहे असे समजा आणि सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना पाय दाखवा. सगळ्या जागी कळले तरी वर्षातून एकदा ही तपासणी पुन्हा करा. रविवारी विहारात सगळे जमतात, तेव्हा दोन ताई आणि दोन भाऊ हे शिकून घेतील तर एका दुपारी पूर्ण वस्तीतल्या मधुमेहींचे पाय पाहून होतील.

अमेरिकेत हा प्रश्न कसा पुढे आला

कमरेखाली संवेदना नसलेले, पण हाताने चालवायच्या गाडीतून कामावर जाणारे अनेक लोक अमेरिकेत आहेत. त्यांच्यापैकी काही जण गरम सीटमुळे कुल्ल्यांवर आणि मांड्यांवर खोल भाजले. कातडीचे सगळे थर जळाले, दुसरीकडची कातडी काढून तिथे लावावी लागली. अशा रुग्णांची नोंद तिथल्या डॉक्टरांनी वैद्यकीय मासिकांत केली.

२०११ साली वाहन-सुरक्षेवर काम करणारे कार्यकर्ते आणि भाजलेल्यांवर उपचार करणारे डॉक्टर एकत्र आले. त्यांनी तिथल्या सरकारी रस्ते-सुरक्षा संस्थेकडे मागणी केली की सीट किती तापू शकते याची मर्यादा ठरवा आणि ठराविक वेळाने ती आपोआप बंद होईल अशी सोय सक्तीची करा. तेव्हा तिथे सीटच्या मजबुतीचा नियम होता, सीटच्या कापडाने किती वेगाने पेट घ्यावा याचाही नियम होता, पण सीट किती अंशांपर्यंत गरम करावी याचा नियम नव्हता. बहुतेकांच्या अंगावरून ही अडचण जात नव्हती, म्हणून ती कोणाला दिसली नव्हती. ज्यांच्या अंगावर बेतली, त्यांच्याकडून ती बोलली गेली.

कापडाच्या नियमाचे एक उदाहरणही सांगण्यासारखे आहे. गाडीच्या आतले कापड मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने जळू नये, असा अमेरिकेचा नियम आहे. दक्षिण कोरियात तपासणीत असे लक्षात आले की टोयोटाच्या काही गाड्यांतल्या गरम सीटचे कापड या नियमात बसत नाही. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने अमेरिकेत त्या गाड्यांची विक्री थांबवली. तोवर आग लागल्याची किंवा कोणी भाजल्याची तक्रार आलेली नव्हती. इजा होण्याची वाट न पाहता पाऊल उचलता येते, हे यातून दिसते.

आपल्याकडची गरम सीट

'आमच्या गाडीला असले बटणच नाही' असे अनेक जण म्हणतील. पण उष्णता बटणातूनच येते असे नाही.

ओम्नीसारख्या जुन्या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असते. उन्हाळ्यात, ट्रॅफिकमध्ये अडकले की ती सीट चांगलीच तापते. रिक्षाचे इंजिन मागे, प्रवाशाच्या सीटखाली असते. जुन्या ट्रक-टेम्पोच्या केबिनमध्ये इंजिनच्या झाकणावर गोधडी टाकून क्लीनर झोपतो. दारू पिऊन किंवा दमून झोपलेल्या माणसाला तिथला चटका कळत नाही. मधुमेही ड्रायव्हरचा पाय तासन्‌तास इंजिनच्या बाजूच्या गरम पत्र्याला टेकलेला असेल, तर तीच गोष्ट.

उन्हात उभ्या गाडीची काळी रेक्झिनची सीट आणि बेल्टचे लोखंडी बक्कल हेही भाजतात. चड्डीतल्या लहान मुलाला थेट त्यावर बसवू नका. आधी आपल्या हाताचा पंजा टेकवून पाहा, पंजा पाच सेकंद ठेवता आला नाही तर मुलाला बसवायचे नाही. ओला कपडा फिरवा किंवा सुती चादर टाका.

बाजारात स्वस्त 'हीटिंग सीट कव्हर' मिळतात. गाडीतल्या लायटरच्या पॉइंटला पिन लावली की तापतात. कंबर धरते म्हणून काही ड्रायव्हर भाऊ ती घेतात. यातल्या अनेकांत तापमान अडवणारा थर्मोस्टॅट असेलच याची खात्री नसते. हिशेब सोपा आहे: ६० वॅटचे कव्हर १२ व्होल्टच्या बॅटरीवर ५ अँपिअर वीज ओढते. पिन सैल असेल तर पॉइंटच तापतो. फ्यूज उडाला म्हणून काही जण मोठ्या आकड्याचा फ्यूज घालतात किंवा तार गुंडाळतात. असे कधीच करू नका. फ्यूज उडणे म्हणजे गाडीने दिलेली सूचना आहे. तार घातली की फ्यूजऐवजी वायर जळते, आणि वायर सीटच्या फोममध्ये असते.

गाडीबाहेरही हाच धोका आहे. रबराची गरम पाण्याची पिशवी, विजेवरची शेकायची गादी, बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी, हिवाळ्यात पायाशी ठेवलेला हीटर. वॉर्डात काम करताना आम्ही सीटने भाजलेल्यांपेक्षा पिशवीने भाजलेले पाय कितीतरी जास्त पाहिले. 'पाय गार पडलेत, जरा शेक देते' म्हणून सून प्रेमाने पिशवी ठेवते, सासऱ्यांना काही कळत नाही, सकाळी टाचेवर लिंबाएवढा फोड असतो. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला शिकवतात की पिशवीतले पाणी तपासा, पिशवीला फ्लॅनेलचे कापड गुंडाळा, आणि बेशुद्ध किंवा बधिर रुग्णाला पिशवी देऊच नका. हाच नियम गाडीच्या सीटला लावायचा.

गरम सीट वापरायचीच असेल तर

ज्याला बधिरपणा आहे त्याने गरम सीट वापरू नये. 'थोडीच ठेवतो' हेही नको, कारण थोडी की जास्त हे त्याला बसून कळणार नाही. गाडीत गारठा असेल तर अंगावर शाल घ्या, गाडीचा हीटर लावा, मात्र त्याची गरम हवा थेट पायांवर सोडू नका.

ज्यांना संवेदना चांगली आहे त्यांनी:

१. सीट सर्वांत कमी आकड्यावर लावा आणि दहा-पंधरा मिनिटांत बंद करा.
२. मोबाइलवर गजर लावा. आपोआप बंद होईल यावर विसंबू नका. काही गाड्यांत ती सोय असते, काहींत नसते.
३. सीट चालू ठेवून झोपू नका. विमानतळावर साहेबांची वाट पाहताना ड्रायव्हर सीटवरच डुलकी काढतो, तेव्हा बटणाचा दिवा पाहूनच डोळे मिटा.
४. गरम सीटवर उशी, गोधडी किंवा जाड कव्हर टाकू नका. उष्णता आत कोंडते.
५. ओले कपडे, पाण्याची बाटली, टोकदार सामान सीटवर ठेवू नका.
६. जळका वास आला, सीटवर तपकिरी डाग दिसला किंवा एकच जागा जास्त तापली, तर बटण बंद करा, गाडी बाजूला घ्या, सगळ्यांना उतरवा. नंतर गॅरेजवाल्याकडून त्या सीटचा फ्यूज काढून घ्या. गाडी चालते, सीट फक्त गरम होत नाही.

परदेशी जाणाऱ्या आई-वडिलांनी मुलांना आधीच सांगून ठेवा: 'आम्हाला साखर आहे, गाडीतली सीट गरम करू नका.' तिकडे काही गाड्यांत इंजिन चालू होताच थंडी पाहून सीट आपोआप गरम होते. ती सेटिंग बंद करता येते.

बटणावर सरकणारी सीट

या सीटखाली छोटी मोटर आणि दाते असतात. हाताने सरकवायच्या सीटमध्ये काही अडकले तर आपल्या हाताला जाणवते आणि आपण थांबतो. मोटरला ते जाणवेलच असे नाही. बटण दाबलेले असेपर्यंत ती ढकलत राहते. काही गाड्यांत चावी काढल्यावरही सीट हलते.

सगळ्यांत जास्त धोका लहान मुलांना. मागे मूल उभे आहे किंवा खाली बसून खेळते आहे, आणि पुढे बसलेल्याने किंवा दुसऱ्या मुलाने बटण दाबले, तर मूल दोन सीटच्या मध्ये चेपू शकते. म्हणून बटण दाबण्याआधी मागे वळून पाहा. गाडी धुताना आपले मूल बरोबर असेल तर त्याला गाडीत खेळायला सोडू नका. उभ्या गाडीला कुलूप आणि चावी आपल्या खिशात, हा नियम ठेवा. बंद गाडीत अडकून उष्णतेने मुले दगावतात, त्यासाठीही हाच नियम उपयोगी आहे.

दुसरा धोका हातांना. सीटखाली पडलेला मोबाइल, नाणे, पाण्याची बाटली काढताना बोटे दात्यांत जातात. आधी सीट पूर्ण पुढे घ्या, गाडी बंद करा, मगच हात घाला. मोबाइल फटीत पडला असेल तर सीट अजिबात हलवू नका. मोबाइलची बॅटरी चेपली की ती पेट घेते. विमानात तर याच कारणासाठी प्रवाशांना सांगतात की मोबाइल सीटमध्ये अडकला तर सीट न हलवता कर्मचाऱ्यांना बोलवा.

तिसरी गोष्ट ड्रायव्हर भावांसाठी. अनेक गाड्यांत सीटची 'मेमरी' असते. साहेब उंच असतील आणि गाडी त्यांनी चालवली असेल, तर सीट त्यांच्या मापाने बसलेली असते. काही गाड्यांत दार उघडताच किंवा गाडी सुरू होताच सीट आपणहून सरकते. तेव्हा पाय, पोट किंवा डबा मध्ये सापडू नये म्हणून सीट थांबेपर्यंत वाट पाहा. आपले माप दुसऱ्या नंबरवर साठवून घ्या. छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत आणि वर चार बोटे, अंतर राहिले पाहिजे. त्याहून जवळ बसले तर एअरबॅग उघडताना तिचाच मार बसतो. आणि चालत्या गाडीत सीटचे बटण कधीच दाबू नका.

ही सीट कारखान्यातूनही सदोष येऊ शकते. जुलै २०१४ मध्ये जनरल मोटर्सने बटणावर वर-खाली होणाऱ्या सीटच्या एका सैल पडणाऱ्या बोल्टमुळे चार लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. तो बोल्ट निघाला तर चालत्या गाडीत सीट एकदम खाली बसण्याचा धोका होता. म्हणून सीट खडखडत असेल, हलत असेल किंवा एका बाजूला कलत असेल तर 'चालतंय' म्हणून सोडू नका.

सीट कव्हर शिवणाऱ्या आणि गॅरेजमधल्या भावांसाठी

आपले हात लागतात म्हणून दुसऱ्याची सीट सुरक्षित राहते. काही गोष्टी लक्षात ठेवा. गरम सीटच्या फोमवर गुडघा टेकवू नका, आतली चटई दुमडते. कव्हर ताणून बसवताना खिळा, पिन, दाभण खोल जाऊ देऊ नका. एक तार तुटली तरी तिथे ठिणगी पडू शकते. सीटच्या बाजूला 'एअरबॅग' असे लिहिलेले असेल, तर ती बाजू झाकणारे कव्हर बसवू नका. अपघातात एअरबॅग तिथूनच बाहेर येते. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्शन दिसले तर ते एअरबॅगचे असते. बॅटरी काढल्याशिवाय आणि माहितगार माणूस नसताना त्याला हात लावू नका. गिऱ्हाईक घाई करत असले तरी हे समजावून सांगा.

भाजले तर

लगेच कळले तर साधे वाहते पाणी पूर्ण २० मिनिटे सोडा. घड्याळ लावा. भाजून तीन तासांच्या आत असेल तरी पाण्याचा उपयोग होतो. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तेल, तूप, शाई काहीही लावू नका. फोड फोडू नका. चिकटलेला कपडा ओढू नका. स्वच्छ धुतलेला सुती कपडा हलका झाकून दवाखान्यात न्या.

एक गोष्ट नीट समजून घ्या. दुखत नाही म्हणजे थोडेच भाजले, असे नाही. खोल भाजले की नसाच जळतात, म्हणून दुखत नाही. कातडी पांढरी, मेणासारखी, तपकिरी किंवा चामड्यासारखी कडक दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेही आणि लुळे पडलेल्या माणसाची जखम लहान असली तरी थांबू नका. कुल्ल्याची जागा संडासाच्या वाटेजवळ असल्याने तिथे जंतू लवकर शिरतात, वर बसून दाब येतो आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. त्या जागेवर बसू नका, कुशीवर झोपा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना विचारा, साखर तपासा.

रुग्णवाहिकेसाठी १०८ नंबर मोफत आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांच्या उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊनच निघा.

कामावर असताना इजा झाली असेल तर ते लपवू नका. ड्रायव्हर, क्लीनर, मेकॅनिक यांना कामावर झालेल्या इजेची भरपाई मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. तारीख, वेळ, गाडी आणि काय झाले, हे मालकाला लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवर का असेना. जखमेचा फोटो काढा, केसपेपर जपून ठेवा. 'कामावर असताना गाडीच्या सीटने भाजले' असे केसपेपरवर लिहून घ्या. पुढे विचारणा झाली तर तोच कागद कामी येतो.

गाडीतच दोष आहे असे वाटले तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार द्या. प्रत्येक गाडीचा १७ अक्षर-आकड्यांचा चॅसिस नंबर असतो. अनेक कंपन्यांच्या वेबसाइटवर तो टाकला की आपली गाडी दुरुस्तीसाठी परत बोलावलेली आहे का ते कळते. ही दुरुस्ती कंपनीने फुकट करून द्यायची असते. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या देशातही सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचे नियम लागू झाले आहेत.

वाचकांचे काही प्रश्न

*ड्रायव्हिंगने कंबर धरते. गरम सीटने बरे वाटते. काय करू?*
शेकाने थोडा वेळ बरे वाटते, कारण मिटत नाही. दर दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चाला. सीट इतकी पुढे घ्या की ब्रेक पूर्ण दाबताना गुडघा थोडा वाकलेला राहील, पण स्टिअरिंगपासूनचे अंतर सांभाळा. मागच्या खिशातले जाड पाकीट काढून ठेवा.

*माझ्या मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडले आहेत, दुखत नाहीत.*
रोज एकाच जागी सौम्य उष्णता लागली की असे डाग पडतात. शेगडी, शेकाची पिशवी, गरम सीट, मांडीवर ठेवलेला लॅपटॉप यांनीही पडतात. उष्णता थांबवा. डाग हळूहळू फिके होतात. तिथे जखम किंवा गाठ झाली तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा.

*वडील लुळे आहेत. त्यांना गाडीतून दवाखान्यात न्यायचे असते. काय काळजी घ्यावी?*
बसवण्याआधी आपला पंजा सीटवर ठेवून पाहा. गरम सीटचे बटण बंद आहे याची स्वतः खात्री करा, कोपर लागूनही ते चालू होते. दर अर्ध्या तासाने त्यांना थोडे उचलून बाजू बदला. घरी आल्यावर कुल्ले, मांड्या, टाचा उजेडात पाहा. लालसर डाग अर्ध्या तासात गेला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

थोडक्यात

– उष्णता कमी असली तरी वेळ जास्त झाला की कातडी भाजते.
– बधिर अंगाला गरम सीट नाही, गरम पिशवी नाही.
– अंगाला कळेल यावर विसंबू नका. पंजाने तपासा, घड्याळ लावा, रोज रात्री डोळ्यांनी कातडी पाहा.
– सीट सरकवण्याआधी मागे मूल आहे का ते पाहा.
– न दुखणारे भाजणे सर्वांत खोल असू शकते. त्याच दिवशी दवाखाना.

हे पान वाचून झाले की गाडीवर जाणाऱ्या भावाला आणि साखर असलेल्या शेजाऱ्याला वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पायाची तपासणी करून दाखवा, ती पाहून लगेच समजते.